पोटातलं नाव

"गोऱ्हा आज जाणार आणि पोरगीही आज जाणार. दुपारच्या आत सगळं आवरून ठेव," असं सासूबाई म्हणाल्या, तेव्हा धाकटी पायरीच्या कासेवर कोमट पाणी मारत होती.

पायरी हे गाईचं नाव. तिच्या शेजारी बादली नावाची दुसरी गाय, पलीकडं कोयंडा नावाचा म्हातारा बैल, आणि कोपऱ्यात आठ दिवसांचा गोऱ्हा. त्याला नाव नव्हतं. बाहेर धुकं इतकं दाट होतं की गोठ्याच्या दारापलीकडं गाव उरलंय की नाही अशी शंका यावी. शेणाची वाफ, दुधाची वाफ, जनावरांच्या श्वासाची वाफ, सगळी आतच कोंडून राहिली होती.

धाकटीनं मान वर केली नाही. "आई, गोऱ्ह्याला आजचा आठवा दिवस."

"म्हणूनच. नववा कशाला उजाडू द्यायचा? दूध त्यानं प्यायचं की गाडीत जायचं? दलालाला निरोप धाडलाय मी. अकराच्या सुमाराला टेम्पो घेऊन येईल."

"आणि ताई?"

"ती दोघं दहापर्यंत येतील. पोरीचे कपडे धुतलेले आहेत ना? थोरलीला ओले-दमट चालत नाहीत."

एवढं बोलून सासूबाई चाऱ्याची पेंढी सोडायला वळल्या. त्या काही दुष्ट बाई नव्हत्या. घरात काय कमी आहे आणि काय जास्त आहे हे त्यांना एका नजरेत दिसायचं, आणि जास्त असलेलं कमी असलेल्याकडं सरकवलं की त्यांना शांत झोप लागायची. थोरल्या सुनेच्या घरात दहा वर्षं पाळणा हलला नव्हता. धाकटीकडं आधीच एक मुलगी होती, चार वर्षांची, तिला सगळे चिमणी म्हणत. धाकटीला पुन्हा दिवस गेले तेव्हा तिसऱ्या महिन्यातच सासूबाईंनी खाटेवर बसून निकाल दिला होता: "मुलगा झाला तर इथं राहील. मुलगी झाली तर थोरलीला. नावही तिलाच ठेवू दे, म्हणजे पोर पहिल्यापासून तिचं."

धाकटीचा नवरा दूधगाडी चालवायचा. त्यानं आपल्या चपलांकडं बघत "बघू" म्हटलं होतं. त्या घरात 'बघू' म्हणजे हो. धाकटी काहीच बोलली नव्हती. गप्प बसलं म्हणजे नाही, असं तिला वाटलं. घराला वाटलं, गप्प बसली म्हणजे हो. पाच आठवड्यांपूर्वी मुलगी झाली, आणि सगळे त्या 'हो'च्या मागं लागले.

धार काढताना तिचं कपाळ पायरीच्या कुशीला टेकलं. आप्पा असेच टेकायचे. कपाळ टेकलं की गाय पान्हा सोडते, असं ते म्हणायचे. खरं म्हणजे त्यांची मान दुखायची आणि त्यांना विसावा हवा असायचा.

ही जनावरं आप्पांची, तिच्या वडिलांची. त्यांना ती एकटीच. आप्पांची एक रीत होती आणि त्या रीतीवर अख्खा गाव हसायचा. गाय गाभण राहिली की पाचव्या-सहाव्या महिन्यापासून ते रोज सकाळी तिच्या कुशीवर तळवा ठेवून उभे राहत. ज्या दिवशी आतून लाथ लागेल, त्या क्षणी समोर जे दिसेल ते त्या वासराचं नाव. पायरी दिसली, पायरी. बादली दिसली, बादली. कोयंडा जन्मला तेव्हा लोक म्हणाले, आप्पा, बैलाला काय, दाराला काय, एकच हाक! आप्पा म्हणाले, "जन्मल्यावर माणूस आधी शेपटीखाली बघतो आणि मग ठरवतो, हे ठेवायचं की टेम्पोत घालायचं. म्हणून मी आधीच नाव देतो. नाव दिलं की विकायचं नाही. मग खाली काही का असेना."

ही रीत कुठून आली ते आप्पा कधी सांगत नसत. फक्त एकदा म्हणाले होते की त्यांच्या पहिल्या गाईचा गोऱ्हा दलालानं नेला, तेव्हा गाय चार दिवस फाटकाकडं तोंड करून उभी होती, आणि पाचव्या दिवशी ती चरायला लागली याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं.

साडेतीन महिन्यांपूर्वी ते गेले. त्याच्या चार दिवस आधी धाकटी आणि तिचा नवरा त्यांना बघायला गेली होती. आप्पा खाटेला खिळलेले. म्हणाले, पायरीला मागच्या दारात आणा, मला दिसू दे. पायरी तेव्हा गाभण होती आणि धाकटीही. नवरा दावं धरून दारात उभा राहिला. गाईच्या मागं दूरपर्यंत रान पसरलं होतं, नुकतंच नांगरलेलं, काळं. धाकटी आप्पांच्या पायाशी बसली होती. अचानक तिच्या पोटात जोराची लाथ बसली. ती म्हणाली, "हललं, आप्पा!" आणि तेवढ्यात पायरीच्या कुशीवरची कातडीही थरथरली.

आप्पा म्हणाले, "रान."

एवढंच. मग त्यांनी जावयाचा हात धरला. "जनावरं तुझ्याकडं येतील. नाव असलेलं दावणीवरून काढायचं नाही." तो म्हणाला, "नाही काढणार." आप्पांनी डोळे मिटले. पुढच्या चार दिवसांत ते पाणी मागायचे, कूस बदलायला सांगायचे, पण नावाचं काही बोलले नाहीत.

तो शब्द धाकटीनं पोटाशी धरून ठेवला होता. कुणाला सांगितला नव्हता. सांगितला असता तर कुणीतरी विचारलं असतं, नाव नक्की कुणाच्या पोटातल्याला, आणि तिला तोच प्रश्न नको होता.

*

डेअरीवर दुधाच्या कॅनची रांग लागली होती. कानटोप्या, शाली, तोंडातून निघणारी वाफ. मोजणीच्या यंत्रामागं फॅटवाली बसलेली. तिचं खरं काम दुधातलं फॅट मोजणं, पण ती माणसंही त्याच नजरेनं मोजायची. धाकटीनं बाळाला शालीत घट्ट बांधून छातीशी घेतलं होतं. आज तिला ते घरी ठेववलं नव्हतं.

"आली का तुझी थोरली?" फॅटवालीनं विचारलं.

"यायचीय."

"नाव काय ठेवणार म्हणे? मोबाइलवर शोधलं असेल. आमच्या भाचीनं तसंच ठेवलंय पोराचं. दोन वर्षांचा झाला, मला अजून म्हणता येत नाही. मी आपली 'ए सोन्या' म्हणते आणि मोकळी होते."

मागं उभा असलेला शिंपी म्हणाला, "मावशी, हल्लीच्या नावांवरून पोरगा की पोरगी तेच कळत नाही. परवा एकानं फोनवर नाव सांगून कपडे शिवायला टाकले. मी फ्रॉक शिवला. आणि आला घ्यायला तो केवढाथोरला मुलगा!"

"मग? घातला का त्यानं?"

"त्याच्या बहिणीनं घातला. पण माझा दिवस गेला ना! नाव असं पाहिजे की कापड कोणतं काढायचं ते मला कळलं पाहिजे."

"तुझ्या कापडासाठी लोकांनी नावं ठेवायची का रे?" फॅटवाली म्हणाली. "माझ्याकडं रोज दूध येतं. त्यावर कुठं लिहिलेलं असतं, गाय काळी की गोरी? मी फॅट बघते."

रांग हसली. धाकटीही हसली. मग कॅन टेकवताना तिनं हळूच विचारलं, "मावशी, जन्माच्या दाखल्यावर नाव घालायला दोघंही लागतात का? आई आणि बाप?"

"एकाची सही पुरते. आईची चालते." फॅटवालीनं तिच्याकडं बघितलं. "का गं?"

"सहज."

फॅटवालीनं कॅनचं झाकण बसवलं आणि वरून एक थाप मारली. "जन्ममृत्यूवाला साडेदहाला येतो आणि दीडला जेवायला जातो. मीपण सहज सांगते."

*

थोरली आली तेव्हा धुकं निवळत होतं आणि अंगणातली ओली माती चपलांना चिकटत होती. थोरले दीर गाडीतच फोनवर बोलत राहिले. थोरली सरळ आतल्या खोलीत आली. आधी कोपरापर्यंत हात धुतले, पुसले, एकमेकांवर घासून गरम केले, आणि मगच बाळाकडं हात पुढं केले.

धाकटीनं बाळ दिलं. खोलीला दार एकच होतं. खिडकीपुढं धान्याच्या कोठ्या लावल्यामुळं तिचा उपयोग फक्त वरच्या वीतभर पट्टीपुरता. खाटेवर बाळाच्या कपड्यांची पिशवी भरून ठेवलेली. दारात सासूबाई.

थोरलीनं पर्समधून लोकरीची टोपी काढली. पिवळी. "गुलाबी नको म्हटलं, निळी नको म्हटलं. मीच विणली." बाळाच्या डोक्यावर ती भुवयांपर्यंत आली. थोरली हसली, मग तिचे डोळे भरले, मग पुन्हा हसली. "नावही शोधलंय, आई. निहार."

"म्हणजे काय?" सासूबाईंनी विचारलं.

"दव. धुकं."

"सकाळपासून बघितलं तेवढं पुरे नाही झालं? धुक्यानं पीक काळं पडतं. आणि हे मुलीचं का मुलाचं?"

"दोघांचंही."

"दोघांचं म्हणजे कुणाचंच नाही. शाळेत मुलांच्या रांगेत उभी करतील तिला."

"करू देत की. ती म्हणेल, मी मुलगी आहे, आणि येईल इकडच्या रांगेत. त्यात काय?" थोरलीनं बाळाला खांद्यावर घेतलं. "आई, आमच्या ऑफिसात अर्ज येतात ना, तर साहेब आधी नाव वाचतात. बाईचं नाव दिसलं की तो कागद खाली जातो. पुढं काय लिहिलंय ते बघतही नाहीत. दहा वर्षं बघतेय मी. माझ्या मुलीचं नाव नुसतं वाचून कुणाला काही कळता कामा नये."

'माझ्या मुलीचं' हे शब्द धाकटीच्या कानात शिरले आणि तिथंच बसले. पण त्याहून एक विचित्र गोष्ट झाली. थोरली जे बोलली ते तिला पटलं. शेपटीखाली बघायच्या आधी नाव, असंच तर आप्पा म्हणायचे. ऑफिसातली ही बाई आणि गोठ्यातला तो म्हातारा एकमेकांना भेटले असते तर बराच वेळ बोलत बसले असते.

"ताई," ती म्हणाली, आणि आपला आवाज ऐकून तिची तीच दचकली. "तिला नाव आहे."

"अगं? कुणी ठेवलं?"

"आप्पांनी. जायच्या आधी."

"काय ठेवलं?"

"रान."

सासूबाईंना हसू आवरेना. "रान? हे काय माणसाचं नाव झालं? रानाला नांगरतात, जाळतात, कुणीही येऊन तुडवून जातं. आणि ते तिचं नाहीच मुळी! तुझ्या नवऱ्यानं मला तेव्हाच सांगितलंय. म्हातारबुवा शेवटपर्यंत गाईला नावं देत होते म्हणून. ते गाईच्या पोटातल्याचं नाव. अरे ए, इकडं ये!"

नवरा दाराशी आला. सासूबाईंनी त्याला पुढं घेतलं. "सांग हिला. तू होतास ना दावं धरून? नाव कुणाला दिलं?"

त्यानं आपल्या चपलांकडं बघितलं. त्यांना चिखल लागला होता. "आप्पा..." तो थांबला. "आप्पा गाईकडं बघत होते."

धाकटीला राग आला नाही. हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आप्पांची नजर गाईच्या कुशीवर होती, तिच्याकडं नव्हती. त्या एका शब्दावर साडेतीन महिने ती उभी होती, आणि तो तिला दिलेला नव्हता.

अंगणात टेम्पोचा भोंगा वाजला. दलाल खाली उतरून ओरडला, "कुठाय गोऱ्हा? लवकर आणा, मला अजून तीन गोठे फिरायचेत!"

"ने रे, सोडून ने!" सासूबाई दारातूनच म्हणाल्या.

धाकटी उठली. "नाव गोऱ्ह्याचं म्हणता ना?" हे ती नवऱ्याला म्हणाली, हळू आवाजात. "मग नाव असलेलं दावणीवरून काढायचं नाही, असा शब्द तुम्ही दिलाय. तुमचं तुम्ही बघा." मग ती थोरलीसमोर उभी राहिली आणि तिनं हात पुढं केले. "ताई, बाळ द्या. मी जाऊन येते."

"कुठं?"

"जन्ममृत्यूवाल्याकडं. नाव घालायला."

"गाईच्या वासराचं नाव पोरीला?" सासूबाई दार अडवून म्हणाल्या.

"बसतील दोघं एका नावात."

सासूबाई हलल्या नाहीत. दार एकच, आणि त्यात त्या. धाकटी बाळ घेऊन त्यांच्यासमोर उभी, दोघींच्या मध्ये हातभर अंतर. त्यांच्या श्वासाला सकाळच्या चहाचा वास येत होता. ढकलून जायचं हे तिला आयुष्यात कधी जमलं नव्हतं, आणि ते आजही जमणार नाही हे सासूबाईंना ठाऊक होतं.

"आई, जाऊ द्या," मागून थोरली म्हणाली. "मी जाते तिच्याबरोबर."

सासूबाई बाजूला झाल्या. थोरली बरोबर असली म्हणजे काळजी नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. धाकटीनंही तेच वाचलं, आणि बाळाला छातीशी आणखी घट्ट धरलं.

*

कचेरीपर्यंतची वाट बांधावरून जायची. थोरलीच्या शहरातल्या चपला दर चार पावलांना रुतत होत्या. धाकटीच्या मनात एकच हिशोब चालू होता: खिडकीशी पोचल्यावर आधी कोण बोलणार.

विहिरीपाशी थोरली थांबली. चपलेचा चिखल दगडावर घासत म्हणाली, "माझं तिसरं गेलं ना, तेव्हा सहावा महिना होता."

"हो."

"मुलगा होता की मुलगी ते मी विचारलंच नाही. डॉक्टर सांगत होते, मी म्हटलं, नको." तिनं दुसरी चप्पल घासायला घेतली. "नाव ठेवून झालं होतं माझं. निहार."

धाकटीच्या हातातलं बाळ एकदम जड झालं. आतापर्यंत तिच्याविरुद्ध सासूबाई होत्या, घर होतं, नवऱ्याचं 'बघू' होतं. त्यांच्याशी मनातल्या मनात भांडता येत होतं. आता हिच्याशी कसं भांडायचं? हिचंही नाव पोटात असतानाचंच. हिचं तर नुसतं नावच उरलेलं. पुढचा बांध कसा सरला ते तिला कळलं नाही.

जन्ममृत्यूवाला कारकून खिडकीमागं बसून पेन झटकत होता. गावातले सगळे जन्म आणि सगळी मरणं एकाच माणसाच्या हातानं लिहिली जायची, म्हणून त्याला हे नाव पडलं होतं. त्यानं चष्म्यावरून बघितलं. "तुम्ही मागं वडिलांसाठी आला होता ना?"

"हो."

त्या दिवशी त्यानं दाखला दिला होता आणि त्यावरचं आप्पांचं कागदावरचं नाव वाचून धाकटीला क्षणभर वाटलं होतं की गेलेला माणूस भलताच कुणी आहे. त्या नावानं आप्पांना कुणी कधी हाक मारली नव्हती.

कारकुनानं वही उघडली. नोंद सापडली. तारीख होती, वजन होतं, आईबापाची नावं होती. एक रकाना रिकामा.

"बोला. काय नाव?"

धाकटीनं तोंड उघडलं. मागं थोरली उभी होती, अगदी जवळ. तिचा श्वास ऐकू येत होता. तिनं फक्त तीन अक्षरं उच्चारायची होती, कारकून ती लिहिणार होता, आणि धाकटी गप्प राहणार होती, आणि सगळ्यांना वाटणार होतं की ती हो म्हणाली.

"बाई, नाव सांगा. मागं माणसं आहेत."

थोरली बोलली नाही. धाकटीनं वाट बघितली. थोरली तरीही बोलली नाही.

"रान," धाकटी म्हणाली.

"काय?"

"रान. शेत असतं ना, रान. तेच."

कारकुनानं पेन खाली ठेवलं. "बाई, पंचवीस वर्षं मी नावं लिहितोय. फुलांची लिहिली, नद्यांची लिहिली, परवा तर एकानं इंजिनाच्या कंपनीचं नाव ठेवलं तेही लिहिलं. पण हे कसलं? नुसतं वाचून कळणारसुद्धा नाही, मुलगा आहे की मुलगी."

"कळू नये म्हणूनच ठेवलंय," थोरली म्हणाली. तिचा आवाज ऑफिसातल्या बाईचा होता, वरच्या मजल्यावरच्या साहेबाला फाइल परत नेऊन देताना असावा तसा. "तुम्ही लिहा."

त्यानं लिहिलं. धाकटीनं सही केली. सहीतली शेवटची रेघ रकान्याबाहेर गेली.

परत येताना विहिरीपाशी थोरली पुन्हा थांबली. यावेळी चपला घासायला नव्हे. "त्या नावाचं एक होऊन गेलं," ती म्हणाली. "हिला कशाला ते?" मग तिनं बाळाची टोपी कानांवर नीट ओढली आणि झपाझप पुढं चालू लागली.

घरात ती आलीच नाही. अंगणातून सरळ गाडीत जाऊन बसली. दीर फोन कानाला लावूनच तिच्याकडं बघत राहिले. तिनं नाही म्हणून मान हलवली. काच खाली करून धाकटीला म्हणाली, "टोपी राहू दे. आत्ता मोठी होतेय, पण दोन महिन्यांनी बसेल." गाडी वळली. बांधाच्या टोकापर्यंत धाकटी तिच्याकडं बघत होती. थोरलीनं वळून बघितलं असेल तर ते काचेमुळं दिसलं नाही.

टेम्पोही गेला होता. अंगणातल्या ओल्या मातीत त्याच्या चाकांचे खोल ठसे होते. धाकटी बाळ घेऊन गोठ्याकडं धावली. गोऱ्हा कोपऱ्यात होता, आणि नवरा त्याच्या गळ्यातलं दावं सैल करत होता.

"दलाल?"

"गेला. रिकामाच."

"आणि आई?"

"ओरडली." त्यानं गोऱ्ह्याच्या मानेवर हात फिरवला. "मी म्हटलं, नाही द्यायचा. आप्पांना शब्द दिलाय."

धाकटी त्याच्याकडं बघत राहिली. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि आईसमोर 'नाही' म्हणताना तिनं त्याला कधी पाहिलं नव्हतं. गोऱ्ह्यासाठी त्याला तोंड फुटलं होतं. एवढं तरी फुटलं म्हणायचं की एवढंच फुटलं म्हणायचं, हे तिला ठरवता येईना.

"नाव घातलं?" त्यानं विचारलं.

"घातलं."

"तेच?"

"तेच."

त्यानं मान हलवली. चपलांकडं बघितलं. मग उठून गाडीत कॅन चढवायला गेला.

*

सासूबाई अकरा दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. बोलायच्या त्या भांड्यांशी, कोठ्यांशी आणि चिमणीशी. "तुझ्या आईला सांग, पुढच्या खेपेला तरी नीट कर म्हणावं." पुढची खेप असणार, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. डेअरीवर शिंपी म्हणाला की मी या नावाला कोणतं कापड काढू? फॅटवाली म्हणाली की काढ हिरवं आणि गप्प बस. कपड्यांची ती पिशवी खाटेखाली भरलेलीच राहिली. तिला कुणी हात लावला नाही, आणि धाकटीलाही ती रिकामी करायचा धीर होईना. रोज झाडताना केरसुणी तिला लागायची.

बाराव्या दिवशी संध्याकाळी ती धार काढायला बसली होती. थंडी वाढायला लागली होती, दाराबाहेर पुन्हा धुकं जमत होतं. कपाळ पायरीच्या कुशीला टेकलेलं. इतक्यात गोऱ्ह्यानं दावं तोडलं आणि तो कासेला येऊन भिडला. बादलीतलं दूध हिंदकळलं.

"रान!" ती ओरडली. "ए रान, हो मागं!"

गोऱ्हा दचकून दोन पावलं मागं सरला. तिनं त्याचं दावं पकडलं. त्याच वेळी घरातून बाळाच्या रडण्याचा आवाज आला, आणि त्यावर सासूबाईंचा:

"ए धाकटे! तुझं रान उधळलंय, ये लवकर!"

धाकटीचा हात दाव्यावरच थांबला. तिनं ऐकलं ते बरोबर ऐकलं की नाही याची तिला खात्री वाटेना.

"कुठलं?" तिनं गोठ्यातून विचारलं.

आत एक भांडं आपटलं.

"दोन पायांचं!" सासूबाई खेकसल्या. "दुसऱ्याला भूक लागली तर मला काय करायचंय?"

धाकटीनं गोऱ्ह्याला घट्ट बांधलं, हात पुसले आणि आत गेली.